राखणदारांचा मुलूख

आंबोलीचा घाट उतरायला लागलं की देश मागे पडतो. वर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं जंगल, खाली सावंतवाडीच्या अंगाने पसरलेली भातशेती, माड, पोफळी आणि जांभ्याच्या चिऱ्यांची कौलारू घरं. उतारावर एका वळणाशी शेंदूर फासलेला दगड आणि त्यावर पत्र्याचं छप्पर दिसलं. आमच्या पुढच्या टेम्पोवाल्याने तिथे वेग कमी केला, हॉर्न दिला आणि मगच गाडी पुढे काढली. सावंतवाडीत चहाच्या टपरीवर तोच भेटला. हॉर्न कुणाला दिला, असं विचारल्यावर तो सहज म्हणाला, "राखणदाराक. त्याच्या हद्दीतसून जाताना त्याका सांगाक नको?"

सिंधुदुर्गात आम्ही गेलो होतो ते गावाची हद्द राखणाऱ्या याच अदृश्य राखणदारांच्या मागावर. मी जीवशास्त्र शिकवते, माझा नवरा कारखान्यांतल्या यंत्रांची कंपनं मोजतो. भुताखेतांवर आमचा दोघांचाही विश्वास नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची व्याख्यानं ऐकत आमची पिढी वाढली. 1989 साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि 'पुरावा काय?' हा प्रश्न आमच्यासारख्या अनेक घरांत कायमचा येऊन राहिला. पण कोकणातल्या भुतांबद्दल आम्ही जे ऐकलं होतं ते बहुतेक गप्पांतलं आणि मालिकांतलं. प्रत्यक्ष गावात माणसं त्यांच्याबरोबर कशी राहतात, ते पाहायचं होतं. निघतानाच आम्ही एक नियम ठरवला. काही विचित्र जाणवलं तर एकमेकांशी बोलण्याआधी दोघांनी आपापल्या वहीत लिहायचं: वेळ, जागा, वारा, काय ऐकलं, काय दिसलं. मग वह्या शेजारी ठेवायच्या. एकाच्या बोलण्याने दुसऱ्याची आठवण बदलते, हे टाळण्याचा तेवढाच मार्ग आमच्या हाती होता.

सावंतवाडी म्हणजे राजवाडा, मोती तलाव, लाकडी खेळणी आणि गंजिफा. तिथून आकेरीच्या बाजूला एका जुन्या घरात आम्ही उतरलो. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका 2016 साली आकेरीतच चित्रित झाली होती आणि तेव्हापासून कोकणातलं प्रत्येक मोठं कौलारू घर पर्यटकांना भुताचं वाटू लागलं आहे. त्या रात्री आमच्या डोक्यावरही कौलांवरून कुणी जड पावलांनी चालत गेलं, थांबलं, परत आलं. मागच्या रायवळ आंब्यावरून कुणीतरी गदगदून हसल्यासारखा, शेवटी थरथरत जाणारा आवाज आला. दोघांच्या वह्यांत दोन्ही नोंदी होत्या. उत्तर सकाळीच मिळालं. कौलांवर उदमांजराची विष्ठा होती, त्यात पोफळीच्या बिया होत्या. हसणारं होतं ते ठिपकेदार वनघुबड. जुने आंबे, चिंचा आणि वड हे त्याचं घर, आणि त्याची ती कापरी साद ऐकून अनेक पिढ्यांनी रात्री दार लावून घेतलं असणार.

कोकणच्या भुतांची पहिली मोठी छापील यादी ज्याच्यामुळे झाली तो माणूस मराठी इतिहासात वेगळ्याच कारणाने ओळखला जातो. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी ज्याला गोळ्या घातल्या तोच. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता आणि त्याने लोकसमजुतींविषयीची एक प्रश्नावली शाळामास्तरांकडे पाठवली होती. गावोगावच्या मास्तरांनी उत्तरं लिहून पाठवली. जॅक्सनच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेनने ती संकलित केली आणि 1915 साली कोकणचा खंड निघाला. त्यातल्या भुतांच्या वर्णनांत एक गोष्ट नजरेत भरते. मेल्यावरही इथे कुणाची जात सुटत नाही. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला ब्राह्मण मुलगा मेला तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचाच. देवचार मात्र शूद्राचा, आणि त्याची जागा गावाच्या चार दिशांना, वेशीवर. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो, तो पाण्याशी. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते. जिवंतपणी ज्याला गावात जिथे जागा होती, मेल्यावरही त्याला जवळपास तीच जागा मिळाली. गावाची सगळी उतरंड भुतांच्या या यादीत जशीच्या तशी उतरली आहे. कोकणातल्या बायका बाळंतपणात किती मरत असतील, याचाही तो एक मूक हिशेब आहे.

सावंतवाडीहून आम्ही शिरोड्याच्या वाटेने अरवलीला आलो. अरवली वेतोबाचं गाव. वेताळ हा भुतांचा राजा, पण गोव्यात आणि दक्षिण कोकणात तो ग्रामदेव आहे, त्याची देवळं आहेत आणि लोक त्याच्याकडे रक्षण मागतात. अरवलीच्या वेतोबाची मूर्ती सुमारे नऊ फूट उंच, उभी. पूर्वी ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. नवस फेडताना त्याला केळीचा घड देतात आणि चामड्याच्या चपला वाहतात. या चपला मी जवळून पाहिल्या. माणसाच्या पायाच्या मापाच्या त्या नव्हेत. जाड तळ, दुहेरी शिवण, रुंद पट्टे, आणि एकेक चप्पल माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीची. गावाची श्रद्धा अशी की वेतोबा रात्री या चपला घालून गावाच्या हद्दीतून फिरतो, म्हणून त्या झिजतात आणि म्हणून पुन्हा नव्या द्याव्या लागतात. जुन्या जोडांपैकी काहींचे तळ खरोखर घासलेले दिसत होते. चामडं दमट हवेत, लोकांच्या हाताळण्याने आणि जमिनीवर सरकवण्यानेही झिजतं, असं नवरा म्हणाला. देवळातल्या वयस्कर गृहस्थांनी त्याचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, "झिजता तां खरां. कसां झिजता तां तुमी बघा."

मार्गशीर्ष म्हणजे इकडे जत्रांचे दिवस. जवळच्या एका वाडीच्या देवळात त्या रात्री दशावतार होता. खाजाची दुकानं, चहाचा कढ, आणि मंडपात रंगणारं आख्यान. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग वेद पळवणाऱ्या संकासुराचा वध हा आडदशावतार, आणि मध्यरात्रीनंतर पुराणातली एखादी कथा. साथीला पेटी, मृदंग आणि झांज. लिखित संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरलेला, संवाद नट तिथेच रचतात, स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात. पूर्वी ही माणसं कपड्यांचे पेटारे डोक्यावर घेऊन एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला रात्रीअपरात्री चालत जायची. कोकणातल्या वाटेवरच्या भुतांच्या कितीतरी गोष्टी या रात्रीच्या चालणाऱ्यांकडून आल्या असाव्यात.

पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत आम्ही थांबलो नाही. मध्यरात्र उलटल्यावर निघालो तेव्हा शेजारी बसलेल्या आजींनी बजावलं, "पाणंदीन जाव नकात. गेल्यात तर मदी थांबा नकात." पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे असलेली अरुंद वाट. आम्ही उतरलो होतो ते घर त्या वाटेने जवळ होतं, म्हणून आम्ही पाणंदीतूनच गेलो. वारा नव्हता. मंडपातला मृदंग हळूहळू मागे राहिला. अर्ध्या वाटेवर पुढून चामड्याच्या चपलांची करकर ऐकू आली. नव्या कातड्याची, दमदार, एका लयीतली. बॅटरीच्या उजेडात पुढची वाट सरळ आणि मोकळी दिसत होती. आमच्या पायांत रबरी तळाचे बूट होते. आम्ही चाललो की ती करकर पुढे सरके. आम्ही थांबलो तर ती तीन-चार पावलं चालू राही आणि मग थांबे. पाणंद जिथे संपते तिथे एक जुनं सुरंगीचं झाड आणि त्याखाली एक पाषाण आहे. तिथे आवाज बंद झाला, तो पुन्हा आला नाही.

घरी जाऊन आम्ही न बोलता लिहिलं. दोन्ही वह्यांत चामड्याची करकर होती, पुढून येणारी, थांबल्यावरही तीन-चार पावलं चालणारी, पाषाणापाशी संपणारी. माझ्या मानेवर काटा आला होता, तसा त्याच्याही. या काट्याबद्दल नवऱ्याकडे एक आवडतं उदाहरण आहे. इंग्लंडात विक टॅंडी नावाचा अभियंता एका प्रयोगशाळेत काम करायचा. तिथे लोकांना उगाच भीती वाटायची, डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसायची. एके दिवशी त्याने तलवारबाजीचं पातं शिकंज्यात पकडून ठेवलं आणि ते आपोआप थरथरू लागलं. शोध घेतल्यावर कळलं की नव्या बसवलेल्या पंख्यामुळे खोलीत सुमारे 19 हर्ट्झची लहर उभी राहत होती. माणसाला साधारण 20 हर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही, पण शरीराला ते जाणवतं. टॅंडीने हे 1998 साली प्रसिद्ध केलं. जवळचा समुद्रही असे न ऐकू येणारे आवाज सतत करत असतो. काट्याचं उत्तर कदाचित त्यात असेल. करकरीचं उत्तर मात्र त्यात नाही. दुसऱ्या रात्री त्याच वेळी आम्ही तीच वाट चाललो. गडग्यांवरून येणारा पावलांचा प्रतिध्वनी तपासला, बूट बदलून चाललो, फोनवर ध्वनिमुद्रण केलं. रातकिड्यांखेरीज काही नव्हतं. सकाळी आजींना सगळं सांगितलं. त्या जराही दचकल्या नाहीत. "तो पोचवूक इलो तुमका. पावणे ना तुमी," एवढं बोलून त्या भात निवडायला बसल्या. आम्ही ज्याला घाबरण्याजोगी घटना समजत होतो ती त्यांच्या हिशेबात पाहुणचारात जमा होती.

अरवली जयवंत दळवींचं गाव, शेजारचं शिरोडं वि. स. खांडेकरांच्या नोकरीचं. 1920 पासून 1938 पर्यंत खांडेकर इथल्या शाळेत होते. शिरोड्याची मिठागरं आजही दिसतात. 1930 च्या मे महिन्यात मिठाच्या सत्याग्रहासाठी महाराष्ट्रभरातून सत्याग्रही इथे आले होते. दिवसा उन्हात पांढरी पडणारी ती वाफ्यांची जमीन चांदण्यात चमकते आणि दूरवर कुणाची बॅटरी हलली तर प्रत्येक वाफ्यात एकेक उजेड चालू लागतो. मिठागरांवर दिवे फिरतात, अशी गोष्ट आम्हाला दोन-तीन जणांनी सांगितली होती. तिथे उभं राहिल्यावर ती कशी जन्माला आली असेल ते दिसलं.

शिरोड्याहून वेंगुर्ल्याकडे जाताना मोचेमाड, आसोली ही गावं लागतात. इथे सुरंगीचा छोटासा पण जीव लावणारा व्यवसाय आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सुरंगी फुलते. कळ्या खोडालाच, फांद्यांच्या अंगाला चिकटून येतात. उमलण्याआधी त्या पहाटे काढायच्या, चादरी अंथरून झोडायच्या, आणि बायकांनी भराभर वळेसार, म्हणजे गजरे, गुंफून बाजारात पाठवायचे. वाळलेल्या कळ्यांनाही गिऱ्हाईक असतं. झाडावर चढणं जिकिरीचं, हंगाम थोडा, पण ज्या घरी चार मोठी झाडं आहेत त्या घराला उन्हाळ्याच्या तोंडावर रोख पैसा मिळतो. बाकी उत्पन्न काजू आणि आंब्याचं. वेंगुर्ल्यात 1957 साली फळ संशोधन केंद्र सुरू झालं आणि त्याने दिलेल्या काजूच्या कलमी जाती आज कोकणभर आहेत. तरीही वाडीत निम्मी घरं कुलूपबंद. मुंबईच्या गिरणगावाने इथली माणसं नेली. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, पण माणसं परतली नाहीत. चाकरमानी आता गणपतीला आणि जत्रेला येतात. बाकीचे दिवस घर राखायला एखादी म्हातारी असते, किंवा कुणीच नसतं.

अशाच एका घरात आम्ही राहिलो. मालकीण साठीच्या, एकट्या. रात्री मला जाग आली ती सुरंगीच्या वासाने. गोड, जड, घशाला लागणारा वास. मला वाटलं स्वप्न असेल. शेजारी पाहिलं तर नवरा उठून बसला होता आणि वहीकडे हात नेत होता. त्यानेही तेच लिहिलं होतं, फक्त फुलाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. 'मोगऱ्याहून जड, मधासारखा' अशी त्याची नोंद होती. सुरंगी फुलायला अजून दोन महिने होते. वास दहा-पंधरा मिनिटं राहिला आणि ओसरला. सकाळी मी मालकिणीला विचारून माळा, फडताळं, पेट्या, मागची पडवी सगळं पाहिलं. वाळलेल्या कळ्या सापडल्या असत्या तर दमट रात्री त्यांचा वास सुटला, असं म्हणता आलं असतं. कुठेच नव्हत्या. परसात सुरंगीची दोन झाडं होती, त्यांवर कळीही नव्हती. मालकिणीने चुलीवर घावणे घालता घालता सांगितलं, "येता मदी मदी. आमच्यातलाच कोणतरी आसतला." मग त्यांनी मागचं दार उघडून ठेवलं. भीती, कौतुक, काहीच नाही. अंगणात मांजर यावं तसं.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ला पाहिला, गाबित मच्छीमारांच्या होड्या पाहिल्या आणि आम्ही आचऱ्याकडे निघालो. त्या वर्षी आचऱ्याची गावपळण होती, आणि प्रवासाचा सगळ्यात मोठा धक्का मला तिथे बसला. मालवण तालुक्यातल्या आचरा, चिंदर आणि वायंगणी या गावांत ठरावीक वर्षांनी सगळं गाव तीन दिवस, तीन रात्री रिकामं होतं. ग्रामदेवतेला कौल लावून तिथी ठरते. कौल म्हणजे देवाला फुलं किंवा तांदूळ लावून प्रश्न विचारायचा आणि उजवीकडचं पडलं की डावीकडचं यावरून उत्तर घ्यायचं. आचऱ्याचा रामेश्वर हा त्या पंचक्रोशीचा अधिपती. त्याचा हुकूम झाला की माणसं, गाई-म्हशी, कोंबड्या, कुत्री सगळी वेशीबाहेर पडतात. बाजारपेठ बंद होते. तीन दिवस गाव देवाचं आणि त्याच्या गणांचं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन गाव भरतं.

मी कल्पना केली होती ती भेदरलेल्या लोकांची. प्रत्यक्षात खाडीकाठी आणि माळावर माडाच्या चुडतांच्या राहुट्यांची रांगच्या रांग होती. तीन दगडांच्या चुली, डालग्याखाली कोंबड्या, दावणीला गुरं, वाळत घातलेले कपडे. एका राहुटीत भजन, दुसरीत फुगड्या, तिसरीत पोरांचे पत्ते. मुंबईहून चाकरमानी खास रजा काढून आले होते. एरवी ज्यांच्यात बांधावरून बोलणं बंद आहे, अशी दोन घरं एकाच पाणवठ्यावर पाणी भरत होती. एका आजोबांनी मला समजावलं, "आमी चार वर्सां रवतंव. तेंका तीन दिस नको?" या प्रथेचं मूळ कुणी साथीच्या रोगांत गाव सोडण्याशी जोडतात, कुणी जमिनीला आणि विहिरींना विश्रांती देण्याशी. गावकऱ्यांना त्या उकलींची घाई नाही. त्यांच्या दृष्टीने गावावर फक्त जिवंत माणसांचाच हक्क नाही, आणि हे वर्षानुवर्षं नुसतं बोलून चालत नाही, घर सोडून दाखवावं लागतं.

रात्री आम्ही वेशीवर उभे राहून पलीकडे पाहिलं. हजारो माणसांचं गाव, आणि एक दिवा नाही, एक भुंकणं नाही. इतक्या दिवसांत काही जाणवायचं असेल तर ते इथेच, असं दोघांनाही वाटत होतं. काही जाणवलं नाही. त्या रात्रीच्या दोन्ही वह्या कोऱ्या आहेत, आणि मला ती नोंदही तितकीच महत्त्वाची वाटते. अपेक्षेने भुतं दिसतात, असं आपण म्हणतो. आमची अपेक्षा सगळ्यात जास्त होती ती इथे, आणि अनुभव आले ते नको तिथे.

आचऱ्याहून फार लांब नाही ते कुडोपी. तिथल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. माणसांच्या आकृत्या, प्राणी, गुंतागुंतीच्या भौमितिक रचना. गावातले लोक त्यांना बाहुल्या म्हणतात. 2022 साली कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली त्यांत कुडोपी आहे. आम्ही संध्याकाळी उशिरा पोचलो, शिल्पं पाहिली आणि अंधार पडताना परत निघालो. ढगाळ आकाश, चंद्र नाही, वाळलेल्या गवताचा एकसारखा माळ. सरळ चालतोय असं दोघांनाही ठाम वाटत असताना बऱ्याच वेळाने आम्ही पुन्हा त्याच कातळापाशी आलो. थोड्या वेळाने आणखी एकदा. गावात याला चकवा म्हणतात, आणि त्यावर उपाय सांगतात की होतं तिथेच बसावं, पाणी प्यावं, उजाडण्याची वाट पाहावी. या अनुभवाचं उत्तर विज्ञानाकडे आहे. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या संशोधकांनी, यान सौमन आणि सहकाऱ्यांनी, लोकांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात चालवून 2009 साली दाखवलं की सूर्य किंवा चंद्र दिसत नसेल तर माणूस सरळ चालूच शकत नाही. दिशेच्या बारीक चुका साठत जातात आणि तो वर्तुळात फिरतो, तेही सरळ चालतोय या खात्रीने. गावाने सांगितलेला उपायही अचूक आहे. वाट चुकलेल्या माणसाने थांबावं, हे कुठलाही बचावपथकाचा माणूस सांगेल. चकव्याच्या गोष्टीने किती जणांना कड्याच्या धारेपासून वाचवलं असेल! आम्ही बसलो, तासाभराने ढग फाटले, तारे दिसले आणि गावाची वाट सापडली.

प्रवासाचा शेवटचा मुक्काम जिल्ह्याबाहेर, राजापूर तालुक्यातलं देवाचे गोठणे. खाली भार्गवरामाचं देखणं देऊळ, वर सड्यावर आडव्या पडलेल्या माणसाची एक कातळआकृती. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शोधांमुळे ही शिल्पं लोकांपर्यंत पोचली. या आकृतीभोवती होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं. नवऱ्याने आपलं होकायंत्र कातळावर ठेवलं. सुई उत्तरेवरून सरकली. वीतभर पुढे नेलं, ती वेगळीच दिशा दाखवू लागली. चार पावलं दूर गेल्यावर पुन्हा उत्तर. जांभ्यात लोह असतं आणि खडकाला चुंबकत्व येऊ शकतं, यात गूढ काही नाही. पण होकायंत्र हाती नसलेल्या माणसांनी एवढ्या मोठ्या सड्यावर नेमकी हीच जागा चित्रासाठी निवडावी, हे पाहून तो बराच वेळ त्या सुईवरून नजर हलवत नव्हता. त्याने आपल्या वहीत 'कारण: लोह' लिहिलं, आणि त्याखाली 'निवड: ?' असं लिहिलं.

परत आल्यावर आम्ही सगळ्या नोंदी एकत्र मांडल्या. उदमांजर, घुबड, मिठागरातले दिवे, चकवा, होकायंत्र यांची उत्तरं मिळाली. चपलांची करकर आणि सुरंगीचा वास यांची मिळाली नाहीत. आम्ही अजूनही भूत मानत नाही. 'समजलं नाही' या दोन शब्दांवर उडी मारून 'म्हणजे भूतच' इथे पोचणं मला आजही अप्रामाणिक वाटतं. पण जे दोघांनी वेगवेगळं लिहून ठेवलं ते भास म्हणून खोडून टाकणंही तितकंच अप्रामाणिक आहे.

या मुलखाने मला शिकवलं ते मात्र याहून मोठं आहे. कोकणातल्या गावाने भीती मोकाट सोडलेली नाही. तिला जागा दिली, वेळ दिली, मान दिला आणि हद्द आखून दिली. गावऱ्हाटी म्हणतात ती हीच. देवचाराला वेस, मुंजाला पिंपळ, वेतोबाला चपला, आणि सगळ्यांना मिळून तीन रात्री. त्यामुळे माणसं रात्री घाबरत नाहीत, नियम पाळतात. ज्या देवराया तोडल्या गेल्या नाहीत त्याही याच धाकाने. याच भीतीची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. भगताच्या मारहाणीत, करणीच्या संशयात बायकाच आधी बळी गेल्या आहेत. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा दाभोलकरांच्या खुनानंतर झाला आणि त्याची गरज आजही संपलेली नाही. भीतीचा धंदा करणारा मांत्रिक आणि पाहुण्याला राखणदार पोचवायला आला असं सांगणारी आजी, या दोघांना एकाच मापाने मोजलं तर आपण पहिल्याला पकडू शकणार नाही आणि दुसरीला कायमचं गमावू.

आणि ती हातातून जाते आहे. कुठल्या पाषाणाची हद्द कुठवर, कुठल्या पाणंदीत थांबायचं नाही, हे सांगणारी माणसं कुलूपबंद वाड्यांबरोबर संपत चालली आहेत. जॅक्सनच्या प्रश्नावलीला शंभराहून अधिक वर्षं झाली. तेव्हा उत्तरं शाळामास्तरांनी दिली होती. आता तेच प्रश्न पुन्हा विचारले पाहिजेत, आणि या वेळी ते सुरंगी गुंफणाऱ्या बायकांना, गाबितांना, रात्री पेटारे वाहिलेल्या दशावतारी नटांना आणि वेशीबाहेर राहुटी बांधणाऱ्या आजोबांना विचारले पाहिजेत. विश्वास ठेवायला नको, खोडून काढायलाही नको. नीट ऐकून, तारीख घालून लिहून ठेवायला हवं.